यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन: सांगली-साताऱ्याच्या कॉलेजमधल्या पथकांना, संघांना कितपत उपयोगी?

सेवा: राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइन, क्रमांक १८००-१८०-५५२२. चोवीस तास, टोल फ्री. जोडीला ‘अँटीरॅगिंग डॉट इन’ ही वेबसाइट, तिच्यावरचं ‘रॅगिंग करणार नाही’ असं लिहून द्यायचं ऑनलाइन हमीपत्र आणि तक्रारीसाठी ईमेल (हेल्पलाइन ॲट अँटीरॅगिंग डॉट इन). सेवा विद्यापीठ अनुदान आयोगाची, शुल्क शून्य.

आधी निकाल, मग तपशील. तक्रार कॉलेजच्या आवाराबाहेर, तारीख-वेळेसकट नोंदवून ठेवायची असेल तर या सेवेला तोड नाही. तक्रार निकाली काढायला मात्र ती नाही. ते काम फिरून कॉलेजकडेच येतं. हेल्पलाइन म्हणजे टपाल खातं आहे, कोर्ट नव्हे. हे ओळखून वापरली तर ती कामाला येते. ‘फोन केला, आता दिल्लीवाले बघून घेतील’ असं समजून बसलं की निराशा ठरलेली. आणि ढोल-ताशा पथक, युवा महोत्सवाचा संघ, एकांकिकेचा ग्रुप, कबड्डीची टीम, एनएसएसचं शिबिर अशा ठिकाणी जे चालतं, तिथे ती सर्वांत लंगडी पडते. म्हणून या परीक्षणात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

ही व्यवस्था आली कुठून ते थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये रॅगिंगबंदीचे निर्देश दिले, पुढे राघवन समिती नेमली. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात अमन काचरू या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा सिनिअरांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये यूजीसीचे नियम निघाले. हेल्पलाइन त्याच नियमांतली. महाराष्ट्राने मात्र त्याआधी दहा वर्षं, १९९९ मध्येच, स्वतःचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा केला होता. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत यूजीसीचा नंबर ठळक छापतात. हा कायदा क्वचित कोणी छापतं. तो का महत्त्वाचा, ते पुढे येईलच.

हमीपत्र: पाच मिनिटांचं काम, तेही दुसऱ्याकडून करून घेतलेलं

हमीपत्र फक्त प्रवेशाच्या वर्षी नाही, दर वर्षी भरायचं असतं. विद्यार्थ्याचं आणि पालकांचंही. पूर्वी पीडीएफ यायची, प्रिंट काढायची, दोघांच्या सह्या करून ऑफिसात द्यायची. आता ती भानगड नाही. फॉर्म भरला की ईमेलवर नोंदणी क्रमांक आणि लिंक येते, ती लिंक कॉलेजच्या नोडल ऑफिसरच्या (या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) ईमेलवर पुढे पाठवायची. सही-शिक्का-प्रिंट काही नाही. कोणी अजूनही स्टॅम्प पेपर आणि नोटरी मागत असेल तर यूजीसीची सुधारित पद्धत दाखवून विचारायला हरकत नाही.

इथे गाडी कुठे अडते? पहिलं कारण नेट कॅफे. प्रवेशाच्या गर्दीत कॅफेवाला पन्नास पोरांचे फॉर्म भरतो आणि ईमेलच्या रकान्यात स्वतःचाच आयडी टाकतो. मग नोंदणी क्रमांक त्याच्याकडे जातो, मुलाकडे काहीच राहत नाही, आणि पुढच्या वर्षी शोधाशोध. ईमेल विद्यार्थ्याचा स्वतःचा आणि मोबाइल नंबर चालू असलेलाच द्यावा. कॅफेवाल्याला पैसे द्यावे लागतात ते त्याच्या वेळेचे. फॉर्मला फी नाही.

दुसरं कारण कॉलेज निवडण्याची यादी. एकाच शिक्षण संस्थेची कला-वाणिज्य, फार्मसी, पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजं शेजारीशेजारी उभी असतात, नावंही मिळतीजुळती. त्यात विद्यापीठ चुकतं. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतली बहुतेक पारंपरिक कॉलेजं शिवाजी विद्यापीठाची. मेडिकल-नर्सिंग नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे. पॉलिटेक्निक तंत्रशिक्षण मंडळाकडे. काही इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेऱ्याच्या विद्यापीठाला जोडलेली. शिवाय अभिमत विद्यापीठं वेगळी आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहेच. प्रवेशपत्रावर जे नाव छापलंय, तेच अक्षरशः निवडावं. तक्रारीच्या वेळी हेच चुकलं तर निरोप भलत्याच विद्यापीठाच्या टेबलावर जातो.

तिसरं, आणि खरं दुखणं: पालक वाचत नाहीत. हमीपत्रात ‘मी नियम ३ आणि नियम ९.१ वाचले आहेत’ असं लिहून दिलेलं असतं. नियम ३ म्हणजे रॅगिंग कशाला म्हणायचं, ९.१ म्हणजे शिक्षा. दोन्ही मिळून दोन-अडीच पानं होतील. तेवढी वाचली तर सिनिअरचं जर्नल लिहून देणं, त्याच्या नाश्त्याचे पैसे भरणं हेही रॅगिंगच आहे हे घरात कळेल. मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या पालकांनी तर जास्त नीट वाचावं, कारण आता त्रास देणाऱ्यांच्या बाजूला आपला मुलगा असण्याची शक्यता धरायला हवी. पालक सहसा ती धरत नाहीत.

फोनवर काय सांगायचं

‘सिनिअर त्रास देतात’ एवढीच तक्रार केली तर तिचं उत्तरही तसंच येतं: ‘चौकशी केली, काही आढळलं नाही.’ फोन करण्याआधी कागदावर लिहून घ्यावं. कॉलेजचं पूर्ण नाव आणि गाव, विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि वर्ष. जागा: वसतिगृहाची विंग, खोली, जिमखान्यामागचं मैदान, सभागृहाची मेकअप रूम, शिबिराचं गाव. तारीख आणि वेळ. किती जण करणारे, किती जण सोसणारे, कोण पाहत होतं. आणि नेमकं काय केलं ते क्रियापदात: ‘शर्ट काढायला लावला’, ‘पन्नास उठाबशा काढायला लावल्या’, ‘मोबाइल काढून घेऊन चॅट वाचले’, ‘व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला’. ‘मानसिक छळ’, ‘गैरवर्तन’ असे मोठे शब्द टाळावेत. चौकशीत तेच सर्वांत आधी पातळ होतात.

गट असेल तर गटाचं नाव सांगायलाच हवं. पथक, नाट्यसंघ, डिपार्टमेंटची असोसिएशन, ट्रेकिंग क्लब, जे असेल ते. त्या गटाचे प्रभारी प्राध्यापक कोण, सराव कुठे आणि किती वाजेपर्यंत चालतो, तेही. हे सांगितलं नाही तर तक्रार दोन मुलांच्या भांडणासारखी दिसते.

तक्रार क्रमांक मिळाला की तो ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवावा आणि पुढचा प्रत्येक फोन, प्रत्येक अर्ज त्याच क्रमांकाने करावा. फोननंतर तीच हकिगत ईमेलनेही पाठवली तर उत्तम, कारण फोनवर सांगितलेलं समोरचा माणूस संक्षेपात लिहून घेतो; ईमेलमध्ये तुमचेच शब्द राहतात.

पुरावा हा भाग मुलं हमखास बिघडवतात. घाबरून किंवा चिडून व्हॉट्सॲप ग्रुप सोडतात आणि मग जुने मेसेज दाखवायची पंचाईत. ग्रुप सोडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करावं. स्क्रीनशॉटमध्ये तारीख दिसली पाहिजे, आणि पाठवणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा नंबर दिसेल असा एक तरी शॉट हवा, कारण नाव तुमच्या फोनमध्ये तुम्हीच सेव्ह केलेलं असतं. पैसे मागितले असतील तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक ठेवावा. जखम असेल तर खासगी दवाखान्यात पट्टी करून गप्प बसू नये; सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय किंवा साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय अशा सरकारी ठिकाणी जाऊन जखम कशी झाली ते सांगावं, म्हणजे एमएलसीची (मेडिको-लीगल केस, पोलीस प्रकरणात चालणारी वैद्यकीय) नोंद होते. दोन दिवसांनी वळ उतरतो, कागद राहतो.

नाव गुप्त ठेवता येतं, आणि ते मागावं. पण गुप्ततेची मर्यादाही समजून घ्यावी. दोनशे मुलांच्या वसतिगृहातून निनावी तक्रार गेली तर ती निनावी राहते. अकरा जणांच्या एकांकिका संघातून गेली, आणि त्यात फक्त एकालाच माहीत असलेला प्रसंग लिहिला असेल, तर संध्याकाळच्या तालमीपर्यंत सगळ्यांना कळतं कोणी केली. अशा वेळी एका प्रसंगाऐवजी महिन्याभरातला प्रकार लिहावा, सर्वांनी पाहिलेल्या दोन-तीन घटना निवडाव्यात आणि शेवटी स्पष्ट मागणी करावी: एकट्यादुकट्याला न बोलावता गटातल्या सगळ्या नव्या मुलांची स्वतंत्र, लेखी माहिती घ्यावी. ही मागणी तक्रारीत लिहिलेली असली की कॉलेजला ती दुर्लक्षित करणं अवघड जातं.

तक्रार निघाल्यावर

नियम ८.१ प्रमाणे हेल्पलाइनवर आलेला निरोप एकाच वेळी संस्थाप्रमुख, वसतिगृहाचे वॉर्डन, कॉलेज संलग्न असेल तर विद्यापीठाचा नोडल अधिकारी आणि जिल्हा प्रशासनाला, गरजेप्रमाणे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनाही कळवायचा असतो. या सेवेची खरी ताकद इथे आहे. प्राचार्यांच्या टेबलावरचा कागद तिथेच मरू शकतो. चार ठिकाणी गेलेला निरोप मारता येत नाही. प्राचार्यांनी फौजदारी गुन्हा दिसत असेल तर चोवीस तासांत एफआयआर करायची, हेही नियमात आहे.

यापुढे सगळा भार कॉलेजच्या समितीवर. कागदावर समिती झकास असते: प्राचार्य अध्यक्ष, नागरी प्रशासन आणि पोलिसांचे प्रतिनिधी, स्थानिक पत्रकार, युवकांत काम करणाऱ्या संस्थेचं कोणी, प्राध्यापक, पालक, नवे आणि जुने विद्यार्थी, शिक्षकेतर कर्मचारी. शिवाय गस्त घालणारं पथक वेगळं, त्यात बाहेरचा कोणी नसतो. बोर्डावर ही नावं लावलेली असतात. ती वाचताना एकच गोष्ट तपासावी: सांस्कृतिक विभागाचे, जिमखान्याचे किंवा एनएसएसचे प्रभारी सर समितीत आहेत का? लहान गावांतल्या कॉलेजात माणसं मोजकीच, म्हणून तेच सर सगळीकडे असतात. मग त्यांच्याच संघाविरुद्धची तक्रार त्यांच्याच समोर येते. हे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या असं म्हणण्याइतकं वाईट नसेलही, सर प्रामाणिक असतील. पण करंडकासाठी सहा महिने राबलेल्या माणसाकडून तटस्थपणा मागणं हा त्यांच्यावरही अन्यायच. त्या प्रकरणापुरतं त्यांनी बाजूला बसावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं, एवढं पुरतं.

बाकी चुका ठरलेल्या. चालू तासाला शिपायाकरवी चिठ्ठी पाठवून तक्रारदाराला बोलावणं. दोन्ही बाजूंना एकाच खोलीत समोरासमोर उभं करणं. ‘करिअरचा प्रश्न आहे, माफीनामा घेऊन मिटवू’ म्हणून पालकांना चहा पाजणं. प्रत्येकाला उपाय आहे. बोलावणं मेंटॉरमार्फत (नव्या मुलांना मदतीसाठी नेमलेल्या जुन्या विद्यार्थ्यामार्फत) किंवा फोनने, कॉलेज सुटल्यावर. जबाब वेगवेगळ्या दिवशी किंवा वेगवेगळ्या मजल्यावर. आणि माफीनामा आला तरी समितीचा निष्कर्ष लेखी हवाच. माफी हा निष्कर्षाला पर्याय नाही.

१९९९ चा राज्याचा कायदा इथे यूजीसीपेक्षा धारदार आहे. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षकाने लेखी तक्रार केली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, कॉलेजातून बडतर्फी आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. संस्थाप्रमुखाने दुर्लक्ष केलं तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं आणि शिक्षा तीच. आणखी एक: हा कायदा ‘संस्थेच्या आत किंवा बाहेर’ असं स्पष्ट म्हणतो. सराव नदीकाठच्या मैदानात झाला, पार्टी ढाब्यावर झाली, म्हणून कॉलेजला हात वर करता येत नाहीत.

पथक, संघ, तालीम: खरी परीक्षा

वसतिगृहातलं रॅगिंग लपूनछपून होतं. गटातलं उघड होतं आणि त्याला शिस्त, परंपरा, टीम बाँडिंग अशी नावं असतात. सांगली ही नाट्यपंढरी. इथे एकांकिकेच्या मोसमात रात्री अकरा-बारापर्यंत तालमी चालतात आणि दिग्दर्शक तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीच असतो. भूमिका कोणाला द्यायची, कोणाला बॅकस्टेजला टाकायचं हे त्याच्या हातात. अशा ठिकाणी पहिल्या वर्षाच्या मुलाला कोणी मारत नाही. त्याला दोन महिने फक्त चहा आणायला लावतात, ‘इंट्रो’च्या नावाखाली अश्लील संवाद म्हणायला लावतात, चुकला की कोंबडा करून उभं करतात. पथकात ढोल वाहायचे, ताणायचे, आवरायचे ते नव्यांनी. वाजवायचं मात्र जुन्यांनी. कबड्डीत सरावाच्या नावाखाली शिक्षेच्या फेऱ्या. मेडिकलच्या मुलांना मान खाली घालून शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत बोलायला लावण्याची जुनी खोड वेगळीच.

सराव कुठे संपतो आणि रॅगिंग कुठे सुरू होतं, हे ओळखायला चार प्रश्न पुरतात. हेच काम जुने सदस्य आजही करतात का? त्याचा वादनाशी, अभिनयाशी, खेळाशी थेट संबंध आहे का? ‘नाही’ म्हटलं तर गटातली जागा जाते का? प्रभारी शिक्षक समोर असते तर हेच केलं असतं का? पन्नास जोर सगळ्यांनी काढले तर तो व्यायाम. नव्यांनी काढले आणि जुन्यांनी व्हिडिओ काढला तर नाही. राज्याच्या कायद्याची व्याख्याही जवळपास हेच म्हणते: विद्यार्थी एरवी स्वखुशीने करणार नाही असं काही करायला लावणं. २०१६ च्या दुरुस्तीने यूजीसीनेही जात, धर्म, लिंग, दिसणं, भाषा, गाव, घरची परिस्थिती यांवरून टोमणे मारणं आणि वाळीत टाकल्यासारखं वागवणं रॅगिंगमध्ये आणलं. तेही फक्त नव्यांपुरतं नाही, कोणत्याही विद्यार्थ्याबाबत. जत-आटपाडीकडच्या पोराच्या बोलीची रोज नक्कल करून हसणं हे ‘गंमत’ या सदरात आता बसत नाही. आणि तिथे जातीवरून शिवीगाळ असेल तर ॲट्रॉसिटी कायदा वेगळा लागतो.

त्रास सोसलेली मुलंच पुढे या प्रथेची राखण का करतात, याचं उत्तर १९५९ साली ॲरॉन्सन आणि मिल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यांनी कॉलेजच्या मुलींना एका चर्चागटात घेतलं. काहींना आत येण्याआधी फार लाजिरवाणी चाचणी दिली, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. नंतर सगळ्यांना तीच कंटाळवाणी चर्चा ऐकवली. जिला सर्वांत जास्त लाज सोसावी लागली तिने तो गट सर्वांत चांगला ठरवला. एवढं सोसलं ते फुकट नव्हतं, अशी मनाची समजूत. म्हणून ‘आमच्या वेळी तर याहून जास्त होतं, तरी आम्ही एक आहोत’ हे सिनिअरचं वाक्य खोटं नसतं, पण पुरावाही नसतं. चौकशीत पहिल्या वर्षाची मुलं ‘आम्हाला काही त्रास नाही’ म्हणाली की प्रकरण बंद करणाऱ्या समितीने हा प्रयोग लक्षात ठेवावा.

या ठिकाणी सेवेची रचनाच अपुरी आहे. नियम व्यक्तीकडे पाहतात: तक्रारदार एक, आरोपी अमुक. गट म्हणून जबाबदारी येते ती फक्त करणारे ओळखताच आले नाहीत तर, सामूहिक शिक्षेच्या रूपात. कोणत्या पथकात, कोणत्या क्लबात किती वेळा असं घडलं, हे जाहीर करण्याचं बंधन नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या कायद्याने कॉलेजांना दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांची नावं आणि काय घडलं ते प्रसिद्ध करायला लावलं. आपल्याकडे तसं असतं तर पथकात नाव घालण्याआधी पालकांना एक पान वाचता आलं असतं. तोवर कॉलेजनेच आपल्या पातळीवर गटनिहाय नोंदवही ठेवावी. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

नियमांतली एक शिक्षा मात्र गटांना बरोबर लागते: युवा महोत्सव, स्पर्धा, सामने यांत संस्थेचं प्रतिनिधित्व करायला बंदी. निलंबनाच्या नोटिशीला न घाबरणारा कॅप्टन या बंदीला घाबरतो. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक गटाच्या नोंदणी अर्जावर हे एक वाक्य छापून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.

गटासाठी एक पान

नियमांची पोथी कोणी वाचत नाही. प्रत्येक गटाचं एक पान असावं आणि ते सरावाच्या जागी चिकटवलेलं असावं. त्यात काय हवं: कामाचा तक्ता, ज्यात ढोल वाहणं, झाडणं, चहा, सेट लावणं ही कामं वर्षं न पाहता आळीपाळीने वाटलेली, पहिलं नाव कॅप्टनचं. सरावाची वेळ आणि बंद होण्याची वेळ. एसटीने ये-जा करणारी मुलं असतील तर शेवटच्या गाडीच्या अर्धा तास आधी. वर्गणी किती, कशासाठी, पावती कोण देणार. पावतीशिवाय एक रुपया नाही. शिक्षा करण्याचा अधिकार कोणत्याही विद्यार्थ्याला नाही. उशिरा आलेल्याचं काय करायचं ते शिक्षक ठरवतील. ओळख करून घेण्याचा कार्यक्रम दिवसा, सभागृहात, शिक्षकांसमोर. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रभारी शिक्षक असलेच पाहिजेत आणि ‘फक्त ज्युनिअर’ किंवा ‘इंट्रो’ अशा नावाचा वेगळा ग्रुप निघता कामा नये. २०२५ मध्ये यूजीसीने ज्युनिअरना सतावण्यासाठी काढलेल्या अशा ग्रुपांवर नजर ठेवायला संस्थांना सांगितलं आहे.

सगळ्यांत जास्त बिघडतं ते प्रभारी शिक्षकांच्या हजेरीत. पहिल्या आठवड्यात रोज येतात, मग स्पर्धेच्या आधीच दिसतात. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोन दिवस, वार न ठरवता, शेवटच्या वीस मिनिटांत यावं. त्रास सरावात कमी होतो. सराव संपून मंडळी रेंगाळतात तेव्हा जास्त.

एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर हा वेगळा विषय, पण एक-दोन गोष्टी: झोपायची व्यवस्था वर्षांनुसार वेगळी, रात्री दर खोलीत किंवा वर्गात एक जबाबदार व्यक्ती, आणि गावात रेंज नसेल तर शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फोनवरून घरी रोज एक कॉल. मुलाचा फोन ‘शिस्तीसाठी’ काढून घेणाऱ्या शिबिरात हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लावून उपयोग काय?

सर्वेक्षण आणि मेंटॉर: चांगल्या तरतुदी, वाईट अंमल

पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नव्या मुलांचं गुपचूप, निवडक सर्वेक्षण करायचं, ही नियमांतली सर्वांत शहाणी तरतूद. म्हणजे सहा फेऱ्या. अनेक ठिकाणी एकच गूगल फॉर्म फिरवतात, तोही कॉलेजच्या ईमेलने लॉगिन करायला लावून. नाव लिहू नका म्हणतात आणि ईमेल आपोआप नोंदला जातो. मुलं काय खरं लिहिणार! कागदी चिठ्ठी, सगळ्यांना एकाच तासाला, घडी घालून पेटीत. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून फक्त खुणा करायच्या. आणि ‘तुमचं रॅगिंग झालं का?’ असं विचारू नये, उत्तर ‘नाही’च येतं. विचारावं ते असं: गेल्या पंधरा दिवसांत सिनिअरसाठी जर्नल लिहिलंत का? त्यांच्यासाठी पैसे खर्च केलेत का? रात्री नऊनंतर कोणी खोलीवर बोलावलं का? कोणाच्या भीतीने रस्ता, मेस किंवा सरावाची वेळ बदललीत का? पाचवा प्रश्न गटाचा: कोणत्या संघात किंवा पथकात आहात? मग कोणत्या गटात खुणा जास्त पडतात ते दुसऱ्या फेरीतच दिसतं.

मेंटॉर सहा नव्या मुलांमागे एक, आणि अशा सहा मेंटॉरांवर एक वरचा. साठ मुलांच्या वर्गाला दहा मेंटॉर आणि दोन वरचे. हिशेब सोपा, निवड अवघड. टॉपर किंवा पथकाचा कॅप्टन हाच मेंटॉर नेमला तर तक्रार करायची कोणाकडे? मेंटॉर दुसऱ्या गटातला असावा, शक्यतो दुसऱ्या डिपार्टमेंटचा.

बारा ते अठरा ऑगस्टचा रॅगिंगविरोधी सप्ताह: पोस्टर स्पर्धा, शपथ, फोटो. पहिली सर्वेक्षण फेरी त्याच आठवड्यात घेतली तर निदान काही हाती लागेल.

खासगी रूम आणि मेस

विश्रामबाग, मिरज, कराडचं विद्यानगर, साताऱ्यात कॉलेजांच्या आसपास, सगळीकडे निम्मं विद्यार्थी-जग खासगी खोल्यांत राहतं. यूजीसीच्या नियमांत अशा खासगी लॉज-वसतिगृहांची पोलीस ठाण्यात नोंदणी आणि संस्थाप्रमुखांची शिफारस अपेक्षित आहे. घरमालक भाडेकरू म्हणून आधार कार्डाची झेरॉक्स घेतात आणि विषय तिथे संपतो. रूम बघायला जाताना पालकांनी घरमालकाला विचारावं: वरच्या मजल्यावर कोण राहतं, कोणत्या वर्षाचे, त्यातले कोणी एकाच पथकातले आहेत का. पथकाची ‘रूम’ असेल, म्हणजे ढोल आणि मंडळी दोन्ही तिथेच, तर दुसरी खोली बघावी.

हेल्पलाइनऐवजी किंवा हेल्पलाइनसोबत

त्याच क्षणी मारहाण चालू असेल, कोंडून ठेवलं असेल तर १८००चा नंबर नाही, ११२. मुलगा झोपत नाही, जेवत नाही, जीव नको झाल्यासारखं बोलतो, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर. तोही मोफत आणि चोवीस तास. कॉलेज मेडिकलचं असेल तर राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचे २०२१ चे स्वतंत्र नियम लागू आहेत, तक्रारीत त्यांचाही उल्लेख करावा. पोलिसांत जायचं असेल तर हद्दीवरून परत पाठवलं तरी झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द न बघता तिथेच गुन्हा नोंदवण्याचा, आग्रह धरता येतो. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ती सोय आहे.

आणि हेल्पलाइनला फोन झाला तरी प्राचार्यांच्या नावे १९९९ च्या कायद्याखाली साधा लेखी अर्ज द्यावाच. दोन प्रती काढाव्यात, अर्जात हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक लिहावा, एक प्रत ऑफिसात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्यावी. क्लार्क ‘साहेब आल्यावर बघू’ म्हणाला तर वाद न घालता त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोच जपून ठेवावी. सात दिवस त्या पोचेवरच्या तारखेपासून मोजायचे असतात.